विंडोज १० वर गेम खेळणाऱ्यांनी ११ ला जावं का? की ऑक्टोबरपर्यंत तग धरावा?

रात्रपाळी
शनिवार, १० जानेवारी २०२६, २३:४८

नमस्कार मंडळी. गेली कैक वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

विषय चावून चोथा झालाय हे माहितीये पण माझा गुंता काही सुटेना. पीसी २०१९ च्या डिसेंबरात असेंबल केलेला, रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर, २४० जीबीची साटा एसएसडी आणि जोडीला १ टीबीची हार्डडिस्क. विंडोज १० ओरिजिनल आहे (हो, खरंच ओरिजिनल, हसू नका). खेळतो काय तर व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक २, एज ऑफ एम्पायर्स २, आणि मूड लागला की जुनं सॅन अँड्रियास. आता मित्र बॅटलफिल्ड ६ घे म्हणून मागे लागलेत.

१४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा "बघू नंतर" म्हणून ती सूचना बंद केली. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक (मशीनवर ११ चालेल का ते सांगणारं टूल) चालवून बघितलं तर म्हणतं टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) नाही. जिथून पीसी घेतला त्या दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला बोर्ड जुना झाला साहेब, प्रोसेसर बोर्ड रॅम तिन्ही बदलायला लागतील, आणि रॅमचा आजचा भाव सांगितला. मी ऐकून घेतलं आणि नंतर कळवतो म्हणून फोन ठेवला.

११ ला गेलो तर एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) पडतात का? नाही गेलो तर गेम बंद पडतील का? आणि एक सांगायचं राहिलं, बायकोचं टॅली आणि जीएसटीचं काम पण याच मशीनवर चालतं, त्यामुळे प्रयोग करायला भीती वाटते. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बटाटावडा_९९
रविवार, ११ जानेवारी, ००:०५

पहिला!

चालत्या गाडीला हात लावू नये हा माझा नियम. मी अजून १० वर आहे, सगळं मख्खन चालतंय.

संध्याकाळचा_चहा
रविवार, ११ जानेवारी, ००:३१

वडेबुवा, चालत्या गाडीला हात लावू नये हे खरं पण पीयूसी संपली की पोलीस धरतो ना राव.

हार्डवेअरमामा
रविवार, ११ जानेवारी, ०९:१२

रात्रपाळी, आधी त्या दुकानदाराला मनातल्या मनात दोन शिव्या घाल आणि मग पुढचं वाच. तुझ्या मशीनमध्ये काहीही बदलायची गरज नाही. एक स्क्रूसुद्धा उघडायचा नाही.

टीपीएम म्हणजे वेगळी चिप विकत आणून लावायची असं बऱ्याच जणांना वाटतं. रायझनमध्ये ते प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्येच असतं, त्याला एफटीपीएम म्हणतात, आणि इंटेलवाल्यांच्या बोर्डवर त्याच गोष्टीचं नाव पीटीटी असतं. २०१९ च्या बोर्डांवर कंपनीतून येतानाच ते बंद असायचं, म्हणून हेल्थ चेक नाही म्हणतंय. बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीचं बोर्डाचं सेटिंग) जाऊन एक ऑप्शन चालू करायचा, झालं. रायझन २६०० मायक्रोसॉफ्टच्या ११ साठीच्या प्रोसेसरांच्या यादीत आहे.

आता एफपीएस. सरळ अपग्रेड केलं आणि बाकी काही छेडलं नाही तर तुझ्यासारख्या मशीनवर फरक डोळ्याला दिसणारा नाही. इंटेलच्या १२ व्या पिढीपासून पुढे मोठे कोअर आणि छोटे कोअर असा संसार आहे, तिथे कुठलं काम कुठल्या कोअरला द्यायचं हे ११ ला जास्त नीट कळतं, त्यांना फायदा. तुझे सहाच्या सहा कोअर सारखेच, तुला तो फायदा नाही. एचडीआर मॉनिटर असेल तर ऑटो एचडीआर मिळतं, नसेल तर तेही सोड. डायरेक्टस्टोरेजची (डिस्कवरून गेम भराभर लोड करायची सोय) जाहिरात खूप झाली पण ते १० वर पण चालतं, आणि तुझी साटा एसएसडी आहे त्यामुळे त्यावर बोलूच नको.

म्हणजे एफपीएस वाढतील म्हणून ११ ला जाणार असशील तर जाऊ नकोस. जायचं कारण वेगळं आहे, ते दुपारी लिहितो, आत्ता मटण आणायला चाललोय.

वऱ्हाडी_ठोसा
रविवार, ११ जानेवारी, १०:४०

मामा, तुमच्या भाच्याचं तरी बरं हाय, माह्याकडे रायझन ३ २२००जी हाय. नावात २००० हाय म्हणून मी पण खुश होऊन रायलो होतो का आपलं जमते. मंग यादी पाहिली तर २६०० हाय अन २२००जी नाही! काऊन बे असं?

हार्डवेअरमामा
रविवार, ११ जानेवारी, १०:५२

(मटणाच्या रांगेतून) कारण २२००जी आणि २४००जी ही नावाला २००० असली तरी आत एएमडीच्या पहिल्या झेन पिढीचा कोअर आहे. २६०० झेन प्लस. पाटी नवीन, दुकान जुनं. तुझा बोर्ड बी४५० किंवा ए३२० असेल तर बायोस अपडेट करून ५५०० किंवा ५६०० टाकता येतो का ते बोर्डाच्या वेबसाइटवर बघ, बहुतेक बोर्डांना ती सोय नंतर दिलीये. रॅम तीच चालेल. पण ५५०० मध्ये डिस्प्ले नाही हां, वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर स्क्रीनवर काळोख.

बटाटावडा_९९
रविवार, ११ जानेवारी, ११:१५

रुफस नावाचं टूल आहे, त्याने पेनड्राइव्ह बनवला की टीपीएम, प्रोसेसर वगैरे काही विचारतच नाही, डायरेक्ट ११. माझ्या भावाच्या ७ व्या पिढीच्या आय५ वर टाकलंय. एवढं रामायण कशाला.

पुणेरी_पाटी
रविवार, ११ जानेवारी, ११:३३

टाकलंत हे ठीक. आता भावाला त्याच्यावर व्हॅलोरंट सुरू करायला सांगा आणि इथे येऊन कळवा.

व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड, म्हणजे चीटिंग पकडणारं त्यांचं अँटीचीट, विंडोज १० वर टीपीएम मागत नाही, ११ वर मात्र टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही चालू लागतात, नाहीतर तो व्हॅन ९००१ किंवा ९००३ चा एरर देऊन दारातूनच परत पाठवतो. म्हणजे रुफसने मागच्या दाराने आत घुसलात तर विंडोज चालेल पण गेम चालणार नाही, आणि १० वर चालत होता तो पण गेला. पाटी वाचून आत यावे.

बटाटावडा_९९
रविवार, ११ जानेवारी, ११:३६

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

वऱ्हाडी_ठोसा
रविवार, ११ जानेवारी, ११:५०

पाटीवाले भाऊ, मंग माह्या २२००जी वर एफटीपीएम चालू करून रुफसनं ११ टाकलं तर? यादीत नाही पण टीपीएम तर हाय ना.

पुणेरी_पाटी
रविवार, ११ जानेवारी, १२:०४

प्रश्न चांगला आहे. अँटीचीट प्रोसेसरची यादी बघत बसत नाही, टीपीएम आणि सिक्युअर बूट बघतं. ते दोन्ही चालू असतील तर खेळ चालायला हवा. पण यादीबाहेरच्या मशीनला अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट लिहून देत नाही, दरवर्षीची मोठी आवृत्ती हाताने टाकायची तयारी ठेवा. आणि ज्यांचे प्रोसेसर फारच म्हातारे आहेत, म्हणजे कोअर २ ड्युओच्या काळातले, त्यांच्यावर २४एच२ (११ ची २०२४ ची आवृत्ती) पासून पुढचं बूटच होत नाही, कारण त्याला लागणारी पॉपकाउंटची सूचना त्या प्रोसेसरांत नाहीच. तो विषयच संपला.

म्युनिकचा_मक्या
रविवार, ११ जानेवारी, १४:२०

(इकडे सकाळ आहे, उशीर झाला.) कुणीच लिनक्सचं नाव काढलं नाही म्हणून मला यावं लागलं.

मी दोन वर्षांपूर्वी विंडोज पुसून टाकलं, बॅझाइट (गेमसाठीचं लिनक्स) टाकलं, कार्ड एएमडीचं आहे. एल्डन रिंग, बाल्डर्स गेट ३, सायबरपंक सगळं खेळून झालं. स्टीमवाल्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं) आणलं आणि २०२२ मध्ये स्टीम डेक, तेव्हापासून चित्र पार बदललंय. स्टीमच्या सर्व्हेमध्ये लिनक्सवाले गेल्या ऑक्टोबरात पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेले. हसू नका, आमच्यासाठी ती दिवाळीच होती. काउंटर स्ट्राइक २ ची तर लिनक्सची स्वतःची आवृत्ती आहे आणि एज ऑफ एम्पायर्स २ प्रोटॉनवर झक्कास चालतं, प्रोटॉनडीबीवर जाऊन स्वतः बघून घ्या.

पुणेरी_पाटी
रविवार, ११ जानेवारी, १४:२९

मक्या, व्हॅलोरंट?

म्युनिकचा_मक्या
रविवार, ११ जानेवारी, १४:३१

नाही.

पुणेरी_पाटी
रविवार, ११ जानेवारी, १४:३१

बॅटलफिल्ड ६?

म्युनिकचा_मक्या
रविवार, ११ जानेवारी, १४:३३

नाही. फोर्टनाइट पण नाही. एपेक्स आधी चालायचं, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्यांनी लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं. जीटीए ऑनलाइनचंही त्याच्या महिनाभर आधी तेच झालं. प्रामाणिकपणे सांगतोय, लपवत नाही. हा दोष लिनक्सचा नाही, कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, घुसणाऱ्या अँटीचीटचा आहे, आणि एक वाक्य बोलू का, ज्या गेमला माझ्या मशीनच्या तळघराची किल्ली लागते तो गेम मला नकोच आहे.

संध्याकाळचा_चहा
रविवार, ११ जानेवारी, १४:४०

मक्या, तत्त्व बरोबर आहे रे, पण त्याचे चार मित्र डिस्कॉर्डवर वाट बघत बसलेत, त्यांना तत्त्व सांगून काय उपयोग. आणि वहिनींचं टॅली? ते वाइनवर (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणारं टूल) चालवायला सांगशील तर घरात वेगळंच युद्ध होईल. (कृ. ह. घ्या.)

म्युनिकचा_मक्या
रविवार, ११ जानेवारी, १४:४८

टॅलीचा मुद्दा मान्य. तलवार म्यान.

जाता जाता, दोन डिस्क ठेवून दोन्ही टाकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरची स्टीम लायब्ररी तशीच लिनक्सला जोडून गेम चालवायचा मोह होतो, तो टाळा, अर्धे गेम उघडतात, अर्धे रुसतात आणि कारण शोधण्यात रविवार जातो. माझे तीन गेले.

हार्डवेअरमामा
रविवार, ११ जानेवारी, १६:०५

मटण झालं, झोप झाली. आता ते कारण.

रात्रपाळी, तुझ्या मित्रांनी बॅटलफिल्ड ६ चं नाव काढलं तिथेच तुझा अर्धा निर्णय झालाय. तो गेम विंडोज १० वर चालतो, पण सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय १० वर पण नाही आणि ११ वर पण नाही. ब्लॅक ऑप्स ७ चं तेच, टीपीएम आणि सिक्युअर बूट. म्हणजे तू ११ ला जा किंवा जाऊ नको, बायोसमध्ये जायचं जे काम तुला टाळायचंय ते कुठल्याही रस्त्याने चुकत नाही. आणि ते काम एकदा केलं की ११ ला जाणं म्हणजे तासाभराचं डाउनलोड आणि चहा.

(बॅटलफिल्डच्या किमान यादीत प्रोसेसर म्हणून नेमका तुझाच २६०० लिहिलाय पण कार्ड आरटीएक्स २०६० मागतात. तुझं १६६० सुपर त्याच्या खालचं. विकत घ्यायच्या आधी रिफंडची मुदत बघून ठेव.)

दुसरं कारण वहिनींचं टॅली. नुसतं गेमचं मशीन असतं तर मी म्हटलं असतं ऑक्टोबरपर्यंत खेळ निवांत. पण ज्या मशीनवर बँक उघडते, ओटीपी टाकले जातात, गिऱ्हाइकांचे जीएसटीचे पासवर्ड आहेत, ते सिक्युरिटी अपडेटशिवाय तीन महिने उघडं ठेवलंयस तू. हे आज बंद कर, अपग्रेड केव्हाही कर. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ईएसयूसाठी (सपोर्ट संपल्यावरही सिक्युरिटी अपडेट देणारी योजना) एनरोल करायचा पर्याय असेल. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट, किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट, किंवा ३० डॉलर. त्याने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात. १० च्या २२एच२ या आवृत्तीवर असायला हवं एवढंच.

म्युनिकचा_मक्या
रविवार, ११ जानेवारी, १६:१८

इकडे युरोपात त्या बॅकअपच्या अटीशिवाय फुकट द्यायला लावलंय ग्राहक संघटनांनी, फक्त अकाउंटने साइन इन करत राहायचं. तुम्ही पण भांडा जरा.

कोकणी_कीबोर्ड
रविवार, ११ जानेवारी, १७:३०

मी विंडोज १० वरच राहिलोय आणि माझीही बाजू ऐका. गावाला वायफाय नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट. पाचसहा जीबीचं अपग्रेड उतरवायचं म्हणजे चार दिवसांचा डेटा. ईएसयू घेतलं, महिन्याला एक छोटं अपडेट येतं, त्यापलीकडे काही बदलत नाही, मला तेच हवं होतं. एनव्हिडियाने पण आरटीएक्स कार्डांसाठी विंडोज १० चे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२६ पर्यंत द्यायचं कबूल केलंय.

बाकी ११ वाले दर महिन्याला काहीतरी नवीन गाऱ्हाणं घेऊन येतात ते वाचतोच की. २४एच२ आलं तेव्हा असॅसिन्स क्रीडचे तीन गेम, स्टार वॉर्स आउटलॉज, अवतार, हे लटकत होते म्हणून मायक्रोसॉफ्टनेच त्या मशीनचं अपडेट अडवून धरलं होतं. ऑटो एचडीआर चालू असेल तर गेम बंद पडायचे. परवाच्या ऑक्टोबरातलं अपडेट तर कहरच, त्याने काही गेमचे एफपीएस पडले, शेवटी एनव्हिडियाला नोव्हेंबरात ५८१.९४ नावाचा घाईघाईचा ड्रायव्हर काढायला लागला. आणि तुम्ही मला सांगताय की मीच धोक्यात आहे.

हार्डवेअरमामा
रविवार, ११ जानेवारी, १७:४५

कीबोर्ड, तुझी केस वेगळी आहे आणि तू ईएसयू घेतलंयस, तुला कोण बोलतंय. राहा.

एनव्हिडियाचं मात्र पूर्ण वाच. १०५० टीआय, १०६०, १०७० ही जी पास्कलची कार्डं आपल्याकडे घरोघरी आहेत त्यांचा गेम रेडी ड्रायव्हर गेल्या ऑक्टोबरातच संपला, विंडोज कुठलंही असो. त्यांना आता फक्त तीन महिन्यांनी एकदा सिक्युरिटीचा ड्रायव्हर, २०२८ पर्यंत. रात्रपाळीचं १६६० त्यानंतरच्या ट्युरिंग पिढीचं आहे, ते अजून यादीत आहे.

व्हीआर_वेडा
रविवार, ११ जानेवारी, १८:०२

विंडोज मिक्स्ड रिॲलिटीचा हेडसेट असलेल्यांनी, म्हणजे एचपी रिव्हर्ब जी२ वगैरे, २४एच२ ला जायच्या आधी शंभर वेळा विचार करा. त्यातून ती सोयच काढून टाकलीये. हेडसेट पेपरवेट होतो. आमच्यासारखे पाचपन्नासच असतील इथे, तरी सांगितलेलं बरं.

टक्कल_आणि_टायमिंग
रविवार, ११ जानेवारी, २०:११

एफपीएसबद्दल मामा थोडं घाईत बोलले असं वाटतं. फरक पडतो, पण विंडोज ११ मुळे नाही, मेमरी इंटिग्रिटीमुळे. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, तिथे तो स्विच आहे. तो चालू असला की विंडोज स्वतःच्या कर्नलवर एक पहारेकरी बसवतं आणि त्याचा पगार तुमच्या प्रोसेसरमधून जातो. नवीन प्रोसेसरमध्ये त्यासाठी हार्डवेअरमध्येच सोय आहे, इंटेलमध्ये ७ व्या पिढीपासून आणि एएमडीत झेन २ पासून. आता गंमत बघा, २६०० झेन प्लस आहे, म्हणजे यादीत बसतो पण ही सोय त्याच्यात नाही, तो ते काम सॉफ्टवेअरने ढकलत बसतो. धागाकर्त्याला जर एफपीएस पडल्यासारखे वाटले तर पहिला संशयित हा. मायक्रोसॉफ्टच्याच मदत पानावर लिहिलंय की गेम खेळताना हे बंद करता येतं, नंतर परत चालू करा.

पण बंद करा असं मी सरसकट सांगणार नाही. काही अँटीचीट उलट ते चालू मागायला लागलेत.

हार्डवेअरमामा
रविवार, ११ जानेवारी, २०:२०

टक्कल, मान्य. झेन प्लसचं डोक्यातून निसटलंच होतं.

रात्रपाळी
सोमवार, १२ जानेवारी, ०१:१७

मंडळी मदत!!! मोबाइलवरून टाइप करतोय. तुमचं वाचून हुरूप आला, ईएसयू घेऊन टाकलं, मग म्हटलं बायोसचं पण आजच उरकू. एफटीपीएम चालू केलं, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद केलं, सिक्युअर बूट चालू केलं, सेव्ह करून बाहेर आलो आणि आता मशीन परत परत बायोसमध्येच जातंय, विंडोज येतच नाही, बूटच्या यादीत एसएसडी दिसतच नाही. सकाळी बायकोला रिटर्न भरायचंय. मी मेलो.

पुणेरी_पाटी
सोमवार, १२ जानेवारी, ०१:२१

घाबरू नका. काहीही गेलेलं नाही. फॉरमॅट करू नका, एसएसडी काढू नका, यूट्यूब बघू नका. बायोसमध्ये जाऊन सीएसएम परत चालू करा, सेव्ह करा, विंडोज येईल.

रात्रपाळी
सोमवार, १२ जानेवारी, ०१:२९

आलं!!! हात थरथरतायत अजून. पाटीसाहेब तुमच्या घरी येऊन पाया पडतो.

पुणेरी_पाटी
सोमवार, १२ जानेवारी, ०१:३३

दुपारी १ ते ४ सोडून या.

झालं काय ते सांगतो. २०१९ ला ज्याने विंडोज टाकलं त्याने लेगसी पद्धतीने टाकलं, त्यामुळे एसएसडीची मांडणी जुनी, एमबीआर आहे. सीएसएम बंद केलं की बोर्ड फक्त नव्या, जीपीटी मांडणीच्या डिस्कवरून उठतो. तुम्ही दरवाजा बदललात पण किल्ली जुनीच ठेवलीत. आधी डिस्क एमबीआरची जीपीटी करायची आणि मगच सीएसएमला हात लावायचा. हा क्रम उलटा केला की सगळ्यांचं हेच होतं, माझंही झालंय.

यासाठी विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाची कमांड आहे, डेटा न पुसता करते. आधी व्हॅलिडेट करून बघा, ते पास झालं तरच कन्व्हर्ट. एका डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नाही म्हणतं. डेटा पुसत नाही असं म्हटलं तरी टॅलीचा डेटा आधी पेनड्राइव्हवर घ्या, आणि हे काम लाइट जायच्या वेळेला करू नका, इन्व्हर्टर नसेल तर महावितरणचा मेसेज बघून बसा. आणि आज रात्री काही करू नका. झोपा.

टक्कल_आणि_टायमिंग
सोमवार, १२ जानेवारी, ०९:०८

यात माझी एक भर. माझ्या लॅपटॉपवर बायोस अपडेट केलं, उठताना स्क्रीनवर आलं की एफटीपीएम बदललंय, रिसेट करायचं का, वाय दाबा. मी शहाणा, वाय दाबला. पुढच्या मिनिटाला बिटलॉकरने (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी किल्ली मागितली. मला तर बिटलॉकर चालू आहे हेच माहीत नव्हतं, २४एच२ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते गुपचूप चालू होतं. किल्ली त्या अकाउंटवर सेव्ह असते, पण मी लॉगिन केलं होतं कॉलेजच्या काळातल्या हॉटमेलने, आणि त्याचा पासवर्ड ज्या मुलीच्या नावावरून ठेवला होता ती आठवायला अर्धा दिवस गेला. तर बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर चालू आहे का बघा, असेल तर थांबवून ठेवा आणि ती किल्ली वहीत लिहून ठेवा.

बटाटावडा_९९
सोमवार, १२ जानेवारी, ०९:१५

मुलगी आठवली का शेवटी?

टक्कल_आणि_टायमिंग
सोमवार, १२ जानेवारी, ०९:१६

आठवली. स्पेलिंग आठवेना.

वऱ्हाडी_ठोसा
सोमवार, १२ जानेवारी, ११:००

अवांतर: व्हॅलोरंट खेळता खेळता आल्ट शिफ्ट दबते अन कीबोर्ड मराठी होऊन जाते, मंग टीमले "मागून येऊन रायला" असं देवनागरीत जाते अन तिकडून कोणीतरी कोरियन माणूस प्रश्नचिन्ह टाकते. ११ वर हे बंद झालं का?

संध्याकाळचा_चहा
सोमवार, १२ जानेवारी, ११:२४

नाही झालं. पण सेटिंगमध्ये टायपिंगच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्डमध्ये भाषा बदलायची ती शॉर्टकट काढून टाकता येते, विंडोज आणि स्पेसबार तेवढं ठेवायचं. मी दोन वर्षं झाली काढून.

रात्रपाळी
शनिवार, १७ जानेवारी, २२:३६

मंडळी, वृत्तांत.

मंगळवारी टॅलीचा बॅकअप घेतला, एकदा पेनड्राइव्हवर आणि एकदा बायकोच्या हट्टापायी तिच्या भावाच्या लॅपटॉपवर. व्हॅलिडेट पास झालं, कन्व्हर्टला दोन मिनिटंही लागली नाहीत, ज्याच्यासाठी मी तीन महिने घाबरून बसलो होतो ते दोन मिनिटांचं काम होतं. मग सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू, आणि विंडोज आलं. हेल्थ चेकने हिरवी टिक दाखवली, तिचा फोटो काढून दुकानदाराला पाठवला. त्याचं अजून उत्तर नाही.

अपग्रेड गुरुवारी रात्री. दहा दिवसांत परत १० ला जाता येतं म्हणून जुन्या विंडोजचं फोल्डर अजून पुसलं नाहीये, त्याने २४० च्या एसएसडीत बरीच जागा खाल्लीये. टॅली चालतंय, प्रिंटर चालतोय, बायको म्हणाली "स्टार्टचं बटण मधे कशाला नेलं", ते डावीकडे आणून दिलं, तिचा विषय संपला. माझा मात्र राइट क्लिकचा संपेना, आधी सगळं एका क्लिकवर होतं ते आता "शो मोर ऑप्शन्स" मध्ये लपवून ठेवलंय, हे ज्याने केलं त्याला काय मिळालं कुणास ठाऊक.

एफपीएस: काउंटर स्ट्राइकमध्ये मला काहीच फरक वाटला नाही. मेमरी इंटिग्रिटी बघितली, माझ्याकडे बंदच होती, टॅलीसाठी चालू केली आणि खेळून पाहिलं, मग मात्र फरक जाणवला, दोनचार ठिकाणी अडखळलं. आता ठरत नाहीये चालू ठेवू की बंद. व्हॅलोरंट पहिल्या झटक्यात चालू झालं. बॅटलफिल्ड घेतलं नाही, कार्डाचं वाचून मित्रांना सांगितलं दिवाळीला बघू.

एकच अडचण राहिली, हसू नका. सॅन अँड्रियासमध्ये ते पाण्यावरचं विमान असतं ना, स्किमर, ते कुठेच सापडेना. आधी होतं. माझा भ्रम का?

म्युनिकचा_मक्या
शनिवार, १७ जानेवारी, २२:५८

भ्रम नाही!! हा माझा अत्यंत आवडता बग आहे, थांबा, नीट सांगतो.

गेममध्ये प्रत्येक गाडीची माहिती एका फाइलमध्ये ओळीओळीने आहे, चाकाचा आकार वगैरे. व्हाइस सिटीत हे विमान बोट म्हणून लिहिलेलं होतं आणि बोटीला चाकं नसतात. सॅन अँड्रियासमध्ये त्याला विमानांत टाकलं पण चाकाचे आकडे लिहायचे कुणीतरी विसरलं. मग गेम काय करायचा तर त्याच्या आधीच्या गाडीचे आकडे मेमरीत तसेच पडलेले असायचे तेच उचलायचा, म्हणजे हे विमान वीस वर्षं एका व्हॅनच्या उधारीच्या चाकांवर उडत होतं. २४एच२ मध्ये विंडोजने आतली एक गोष्ट बदलली, मेमरीतली नेमकी ती जागा वापरायला लागलं, उधारी बंद झाली आणि विमान गायब. एका मॉडरने (गेममध्ये स्वतः बदल करणाऱ्याने) गेल्या वर्षी हे शोधून काढलं. चीट वापरून बळंच बोलावलं तर त्याच्यासकट तुम्ही अवकाशात इतके वर फेकले जाता की परत येत नाही.

हार्डवेअरमामा
शनिवार, १७ जानेवारी, २३:०४

म्हणजे दोष विंडोजचा नाही.

म्युनिकचा_मक्या
शनिवार, १७ जानेवारी, २३:०५

या वेळी नाही, मामा. हे लिहिताना त्रास होतोय.

रात्रपाळी, त्या मॉडरचाच पॅच आहे तो टाक, किंवा फाइल उघडून स्किमरच्या ओळीत चाकांचे आकडे स्वतः लिही.

रात्रपाळी
रविवार, १८ जानेवारी, ००:१९

लिहिले. आलं विमान. आता मेमरी इंटिग्रिटीचं कुणीतरी सांगा, चालू की बंद?

टक्कल_आणि_टायमिंग
रविवार, १८ जानेवारी, ००:२६

वहिनी दिवसा बसतात, तू रात्री. दिवसा चालू, रात्री बंद. दर वेळी रीस्टार्ट लागेल पण तुझं नावच रात्रपाळी आहे.